चार डॉक्टर, नऊ गोळ्या आणि एक कागद

कळव्याहून एका भगिनीने लिहिलेल्या पत्रातला मुख्य भाग असा आहे:

“माझे वय ५७. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी करते. मधुमेह अकरा वर्षांपासून आहे, रक्तदाब सात वर्षांपासून, मग थायरॉइड आणि आता दोन्ही गुडघ्यांची झीज. चार डॉक्टर आहेत आणि दिवसाला नऊ गोळ्या. विसरायला नको म्हणून सकाळच्या पाचही गोळ्या साडेसहाच्या चहाबरोबर एकदमच घेते. तरी थायरॉइडचा रिपोर्ट बिघडलेलाच येतो आणि डोस दोनदा वाढला. लोकलचा जिना चढवत नाही तेव्हा केमिस्टकडून दुखण्याची गोळी आणते, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी. मागच्या संकष्टीला ऑफिसमध्ये दरदरून घाम आला, हात थरथरले. घरात सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. मुलगा पुण्याला असतो. यजमान जेवताना प्रत्येक घासाला टोकतात. काही दिवस तर सगळे नियम गुंडाळून ठेवते आणि रात्री स्वतःचाच राग येऊन रडू येते. मी आळशी आहे का? हे सगळे रोज, जन्मभर कसे करायचे? डिसेंबरात मैत्रिणी गणपतीपुळ्याला चालल्या आहेत. मी जाऊ की नको?”

सप्रेम नमस्कार ताई,

तुम्ही आळशी नाही. नोकरी, लोकलचा प्रवास, घरात ८४ वर्षांच्या सासूबाई, आणि त्यावर चार आजारांची सरबराई, एवढे करून जिला रात्री ‘आपण कमी पडलो’ असे वाटते, तिला आळशी म्हणणाऱ्याने एक आठवडा तुमच्या चपला घालून कळवा ते वागळे इस्टेट करून पाहावे. आजारपण सांभाळणे हेसुद्धा काम असते. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, लक्ष लागते, आणि आजार एकाचे चार झाले की हे काम चौपटीहूनही जास्त वाढते, कारण एका आजाराचे पथ्य दुसऱ्याच्या आड येऊ लागते. मधुमेहाचे डॉक्टर रोज पाऊण तास चालायला सांगतात, हाडांचे डॉक्टर गुडघ्यांवर ताण नको म्हणतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: चौघांनी चार वह्या नीट लिहिल्या आहेत, पण चारही वह्यांचा ताळा अजून कोणी घेतलेला नाही. तो घेतला जावा यासाठीच हे उत्तर आहे.

मी एका रुग्णालयाच्या औषधालयात २८ वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम केले, आणि आज मला स्वतःला आमवात व रक्तदाब आहे, म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिले आहे. तुमचे पत्र वाचताना त्यातल्या तीन वाक्यांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली. ती वाक्ये तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ती तुमच्या मुख्य प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटतात.

पहिले वाक्य पाच गोळ्या चहाबरोबर एकदम घेण्याचे. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ही फार मानी गोळी आहे. तिला पोटात सोबत चालत नाही. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा घ्यायचा नसतो. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तर तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते, कारण त्या पोटातच या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे पोहोचत नाही. तुमच्या सकाळच्या पाच गोळ्यांत हाडांच्या डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम असेल, आणि बहुतेक असणारच, तर रिपोर्ट का सुधारत नाही याचे एक सरळ कारण तुमच्या चहाच्या कपापाशीच सापडण्याची शक्यता आहे. पहाटे उठल्या उठल्या तोंड धुण्याआधी ती एक गोळी पाण्याबरोबर घ्यावी, मग नळाचे पाणी, डबा, सासूबाईंचे आवरणे ही कामे करावीत, आणि चहा त्यानंतर घ्यावा. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला न्यावे. मात्र एक काळजी घ्या. आता गोळी नीट लागू पडू लागली तर वाढवलेला डोस जास्त ठरू शकतो. म्हणून हा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, तपासून घ्या. छातीत धडधड, हातांना कंप किंवा झोप उडणे असे काही जाणवले तर तेवढेही थांबू नका.

दुसरे वाक्य केमिस्टकडून आणलेल्या दुखण्याच्या गोळीचे. इथे मला थोडे कडक बोलावे लागेल आणि ते तुमच्या काळजीपोटी आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या गुडघ्याचा ठणका थांबवतात हे खरे, पण त्या रक्तदाब वाढवतात, पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. मधुमेह व रक्तदाब या दोघांचा रोख आधीच मूत्रपिंडांवर असतो. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखे औषध आणि त्याच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर दुखण्याची ही गोळी तिसरी म्हणून त्यांच्यात शिरते आणि तिघींच्या एकत्र भाराने मूत्रपिंडे अचानक थकू शकतात. दोन रक्तदाबाच्या औषधांची ही जोडी पुष्कळदा एकाच गोळीत असते, त्यामुळे ती आपण घेत आहोत हे रुग्णाला ठाऊकही नसते. हे सगळे तुमच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना कळत नाही, कारण केमिस्टकडच्या खरेदीची चिठ्ठी त्यांच्या फायलीत नसते. पुढच्या भेटीत लाज न बाळगता सांगा की आठवड्याला तीन-चार गोळ्या होतात. क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन या मूत्रपिंडांच्या दोन तपासण्या वर्षभरात झाल्या नसतील तर मागून घ्या. दुखण्यावर दुसरे मार्ग आहेत: पॅरासिटामॉल किती आणि कधी चालेल हे डॉक्टर सांगतील, गुडघ्याला वरून लावायची मलमे आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचा जो व्यायाम आहे त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरे वाक्य संकष्टीचे. दरदरून घाम, थरथरणारे हात म्हणजे बहुधा साखर खाली गेली होती. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड, तुम्ही जेवा अथवा न जेवा, साखर उतरवतच राहतात. सकाळची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-दहापर्यंत, पोट रिकामे ठेवणे हे अशा गोळीवर असलेल्या माणसासाठी धोक्याचे आहे. आणि मध्येच साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर ती उलट्या बाजूने साखर झपाट्याने चढवते. माझे प्रामाणिक मत असे की तुम्ही कडकडीत उपास सोडावा. गणपतीला अथर्वशीर्ष म्हणा, दूर्वा वाहा, चंद्रोदयाला नैवेद्य दाखवा. पण वरईचा भात, दाण्याची आमटी, ताक असे वेळेवर थोडे थोडे घेत राहा, आणि उपासाच्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे हे डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या. तुमच्या सासूबाईंना हे पटवणे कठीण जाईल असे वाटत असेल तर डॉक्टरांच्या अक्षरातला तो कागद त्यांना दाखवा. त्या पिढीचा लिहिलेल्या कागदावर विश्वास असतो. पर्समध्ये मात्र नेहमी ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा. तसे पुन्हा झाले, किंवा साखर मोजल्यावर ७० च्या खाली आली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटले की काहीतरी पोटभरीचे खावे. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या एका तरी व्यक्तीला हे सांगून ठेवा, कारण साखर फार उतरली तर स्वतःला काही सुचत नाही.

आता ताळ्याकडे येऊ. एका रविवारी दुपारी घरातल्या सगळ्या गोळ्या, फ्रिजवरच्या, पर्समधल्या, देवघराच्या खणातल्या, केमिस्टकडून आणलेल्या, अगदी आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेसुद्धा, जेवणाच्या टेबलावर मांडा. प्रत्येक पाकिटावर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते चष्मा लावून वाचा आणि एका कागदावर उतरवा: औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी घेते, कोणत्या डॉक्टरांनी दिले, कशासाठी, आणि केव्हापासून. हा कागद मी एवढ्या आग्रहाने का सांगते ते ऐका. माझ्या आईला दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या. ती दोन्ही इमानेइतबारे घेत होती. एक दिवस न्हाणीघरात चक्कर येऊन पडली आणि मनगट मोडले. रुग्णालयातून आल्यावर तिच्या उशाजवळची पाकिटे मी हातात घेतली, तेव्हा दिसले की एक निळे, एक चंदेरी, नावे वेगळी, पण मूळ औषध एकच. मी दिवसभर परक्या माणसांना औषधे समजावून देत होते आणि माझ्या घरात हे तीन महिने चालू होते. त्याचे मला आजही वाईट वाटते.

हा कागद तयार झाला की एक डॉक्टर निवडा. चौघांपैकी जे तुमचे म्हणणे ऐकून घेतात ते, किंवा कळव्यातले तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर. त्यांच्याकडे तापा-खोकल्यासाठी नव्हे, तर खास या कामासाठी वेळ मागा. “या सगळ्या गोळ्या आज एकत्र पाहाल का, आणि यातली कोणती कमी करता येईल का?” असे सरळ शब्दांत विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. वर्षानुवर्षे चालू राहिलेली एखादी गोळी तिचे कारण संपले तरी यादीत तशीच बसून असते. ॲसिडिटीची गोळी याचे नेहमीचे उदाहरण आहे. कधीतरी दुखण्याच्या औषधांबरोबर पोट सांभाळायला दिलेली ती गोळी पुढे कोणी थांबवतच नाही. ती आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दोन्ही दीर्घकाळ चालल्या तर शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्याने पायांना मुंग्या येतात, आणि मग त्या मुंग्यांसाठी आणखी एक गोळी सुरू होते. अर्थात कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः रक्तदाबाची. खासगी डॉक्टरांच्या फेऱ्या परवडेनाशा झाल्या असतील तर तुमच्या कळव्यातच महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथे मेडिसिन, हाडे, डोळे हे विभाग एकाच आवारात आहेत. रांगेचा वेळ जातो हे खरे. औषधांचा खर्च जड होत असेल तर जनऔषधी केंद्रात मूळ नावाने तीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि तुमच्या हातातला कागद तिथेही उपयोगी पडेल.

भेटींचीही मोट बांधा. दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि पायांची संवेदना, एवढे धरून ठेवले तर बाकीच्या तारखा त्याभोवती बसवता येतात. रक्त देण्यासाठी चार सुट्ट्या कशाला घ्यायच्या? चारही डॉक्टरांच्या तपासण्या एकाच सकाळी, एकाच प्रयोगशाळेत करून घ्या.

गुडघ्यांचे आणि चालण्याचे भांडण वाटते तेवढे मोठे नाही. पाऊण तास सलग चालायलाच हवे असे कोणी ठरवले? जेवणानंतर दहा-दहा मिनिटे असे दिवसातून तीनदा चालले तरी साखरेला ते मानवते, आणि गुडघे कुरकुरत नाहीत. दुपारचा डबा खाऊन झाल्यावर कंपनीच्या आवारातच सपाट जागी दोन फेऱ्या मारा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी गर्दी कमी असताना ठाण्याच्या तलावपाळीला जा. तिथे बसायला बाकडी आहेत, आणि दमले की बसणे हा चालण्याचाच भाग समजावा. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम मात्र चुकवू नका: खुर्चीत टेकून बसा, एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजा, हळू खाली आणा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. गुडघ्यावरचा भार हा स्नायू उचलतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हा व्यायाम होऊन जातो. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी टाका आणि उतरताना जास्त दुखणारा आधी; कठडा सोडू नका. जिथे सरकता जिना आहे तिथे त्याच टोकाला उतरता येईल असा डबा धरा, मग एखादी लोकल सोडावी लागली तरी चालेल. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी तळपाय पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल तर लहानशी जखम दुखत नाही आणि म्हणूनच ती वाढते.

रक्तदाबाविषयी थोडक्यात लिहिते. मिठाचे दिवसाचे प्रमाण सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, याच्या आत असावे, आणि त्यातले बरेचसे लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतूनच पोटात जाते. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते, आणि टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते रक्तात वाढू शकते.

आता नियम गुंडाळून ठेवण्याच्या दिवसांबद्दल. ते दिवस येणारच आहेत. सासूबाईंना रात्री बरे नसते, लोकल बंद पडते, मार्चमध्ये हिशेब बंद करायचे असतात. अशा दिवसासाठी एक लहान यादी आजच ठरवून ठेवा: गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, पायात चप्पल. बस. त्या दिवशी व्यायाम झाला नाही, भात थोडा जास्त झाला, साखर मोजली नाही, तर तो दिवस बुडाला असे मानू नका. सगळे किंवा काहीच नाही अशा हट्टात माणूस शेवटी गोळ्याही सोडून देतो, हे मी खिडकीतून फार वेळा पाहिले आहे. मात्र उलट्या-जुलाब सुरू होऊन पोटात पाणीही ठरत नसेल तर तो साधा वाईट दिवस नव्हे. तेव्हा मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या, ते आधीच विचारून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.

यजमानांचे टोकणे प्रेमापोटीच असेल, मला त्यात शंका नाही. पण पहारा करणे म्हणजे मदत करणे नव्हे, आणि हे त्यांना जेवणाच्या ताटावर न सांगता एरवी, शांतपणे सांगायला हवे. त्यांना एक ठरावीक काम सोपवा. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डब्यात भरणे, त्या कागदाबरहुकूम, हे काम त्यांचे. कोणती संपत आली आहे ते पाहून आणणेही त्यांचेच. ज्याला करायला काही नसते तो बोलत राहतो. हातात काम आले की पुष्कळ बोलणे आपोआप थांबते. सासूबाईंच्या देखभालीतला थोडा भार मुलाने पैशाच्या रूपाने उचलावा आणि दिवसा दोन-चार तास एखादी मदतनीस ठेवावी, हे मागण्यात कमीपणा मानू नका. तुम्ही पत्रात मुलाचा उल्लेख एका वाक्यात केला आहे आणि त्याच्याकडे काहीच मागितलेले दिसत नाही.

आणि ते रात्रीचे रडू. मधुमेह असलेल्या माणसांना नैराश्य इतरांपेक्षा अधिक वेळा गाठते, आणि थायरॉइड नीट नसेल तरी मन खचते, शरीर जड होते. म्हणजे हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असेच जात असतील, कशातच गोडी वाटत नसेल, तर हेही डॉक्टरांना सांगायचे लक्षण आहे, गुडघ्याइतकेच. कोणाशी बोलायचे सुचले नाही तर शासनाच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

राहिले गणपतीपुळे. जा, ताई. गोळ्यांचे दोन संच करा, एक पर्समध्ये आणि एक मैत्रिणीच्या पिशवीत, सामानाच्या मोठ्या बॅगेत नको. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. घाटात गाडी तासन्‌तास थांबली तर जेवण पुढे ढकलले जाऊ नये म्हणून भाजके चणे आणि दशमी जवळ असू द्या, आणि दर दीड-दोन तासांनी गाडीतून उतरून पाय मोकळे करा. खोली तळमजल्यावरची मागा. वाळू उन्हात तापते, आणि पायांची संवेदना कमी असेल तर ते कळत नाही, म्हणून समुद्रावर पट्ट्यांची चप्पल घालूनच चाला. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा लांब आहे; ती मैत्रिणींना घालू द्या. तुम्ही समोर समुद्राकडे तोंड करून बसा, आणि त्या परत येईपर्यंत कोणाला काही आणून देण्यासाठी उठू नका.